छुनलानचे कान

श्याशी गाव, ६ मार्च २००१

सूयुन पोरी,

पास झालीस ते कळलं. तू दुकानाच्या फोनवर सांगितलंस आणि दुकानदारीण तिथूनच ओरडत गावभर गेली. माझ्यापर्यंत बातमी आली तेव्हा ती कोणाला सांगावी असं माणूसच उरलं नव्हतं. तुझा आजा असता तर त्याने फटाके लावले असते आणि स्वतःची बाही जाळून घेतली असती. मी आपलं एक अंडं जास्त खाल्लं.

पत्र नेहमीसारखं शेजारची फांगच लिहिते आहे. मी बोलते, ती लिहिते. मी फार बोलायला लागले की ती थोडक्यात उरकते, हे मला पेनाच्या आवाजावरून समजतं. अक्षर येत नसलं म्हणून काय झालं, पेन किती चालला ते ऐकू येतं. आता बघ, थांबलाय. हसतेय ती.

पण आज तिचं हसू काही खरं नाही. छुनलान नापास झाली. एकाच गावच्या, एकाच खोलीत राहणाऱ्या, एकाच दिवशी परीक्षेला बसलेल्या दोन पोरी, त्यातली एक पास आणि एक नापास, म्हणजे पास झालेल्या पोरीच्या आजीने शेजारणीकडे कोणत्या तोंडाने बघायचं. तिच्या पोरीला तालुक्याच्या शाळेत नोकरी ठरली आहे, पण पदवी हातात आली तर. आणि तुमच्या विद्यापीठाचा नियम असा की ही इंग्रजीची परीक्षा सुटल्याशिवाय पदवी नाही. जूनची एकच संधी उरली म्हणे. फांग विचारते आहे की छुनलानचं नक्की काय बिनसलं. ती घरी फोनवर एवढंच म्हणते, 'आई, माझे कान लाकडाचे आहेत.' तू तिच्या खालच्याच पलंगावर झोपतेस, तर तू सांग.

आणखी एक. नववर्षाला घरी आलीस तेव्हा तू फांगच्या दारात एकदाही गेली नाहीस. दरवर्षी तिथेच पडीक असतेस. मी म्हटलं, पोरगी प्रेमात पडली. प्रेमात पडलेलं माणूस आणि कोंबडी चोरलेलं माणूस सारखंच दिसतं, दोघंही भिंतीकडे बघून जेवतात. मुलगा असेल तर नाव सांग, क्वांगतोंगला कामाला असलेल्या तुझ्या आईबापांना कळवायचं की नाही ते मग ठरवू.

सोबत धुरावरचं मांस पाठवते आहे. मोठा तुकडा तुझा, लहान छुनलानचा. हे फांगनेच ठरवलं. म्हणते, सूयुन माझ्या पोरीचा अभ्यास घेते, तिला ताकद हवी. मी भांडले नाही.

तुझी आजी


नानछांग, १५ मार्च

आजी,

मुलगा वगैरे कोणी नाही. थंडी होती म्हणून फांग मावशींकडे जायचं राहून गेलं.

मावशींना सांग, छुनलानचे कान नीट आहेत, म्हणजे तसे नीटच असावेत. परीक्षा कशी असते ते सांगते. अर्धा पेपर वाचायचा असतो. उतारा वाचायचा, खाली प्रश्न असतात, प्रत्येकाला चार उत्तरं आणि त्यातलं एकच खरं. ते छुनलानला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. पण सुरुवातीला ऐकायचा भाग असतो. विद्यापीठाच्या आवारातच छोटं रेडिओ केंद्र आहे. प्रत्येकीने आपापला रेडिओचा हेडफोन घेऊन बसायचं, ठरलेल्या आकड्यावर लावायचा. मग एक बाई आणि एक बाप्या बोलतात. एकदाच बोलतात. ग्रंथालय किती वाजता बंद होतं, बाईला दात दुखतोय की सिनेमाला जायचंय, असलं काहीतरी. खोलीत काहीच ऐकू येत नाही, नुसत्या माना खाली आणि पेन्सिली हलताना दिसतात.

छुनलान म्हणते, पहिली दोन-चार संभाषणं बरी गेली, मग आवाज लांब जाऊ लागला. विहिरीत उतरणाऱ्या माणसाने बोलत राहावं तसा. नंतर नुसती खरखर. तिला वाटलं, भीतीने कान बंद झाले. मी विचारलं, हात का नाही वर केलास. ती म्हणाली, 'सगळ्या जणी लिहीत होत्या. सगळ्यांना ऐकू येतं आणि मलाच नाही, तर चूक कोणाची? हात वर करून सगळ्यांचा पेपर घालवू?' खोलीवर आल्यावर तिने तोच हेडफोन पुन्हा लावला तर आवाज अगदी खणखणीत. तेव्हापासून ती कानांनाच दोष देते आहे.

जूनच्या परीक्षेला नाव घालणार नाही म्हणते. नावं १८ एप्रिलपर्यंत घेतात. तिची मामेबहीण तोंगक्वानला खेळण्यांच्या कारखान्यात आहे, तिने बोलावलंय. मी रोज समजावते. ती म्हणते, 'बाहुलीला डोळे चिकटवायला कान लागत नाहीत.'

मांस पाठवू नका. इथे खाणावळीत सगळं मिळतं. मोठा तुकडा मी तिला दिला.

सूयुन


श्याशी, २४ मार्च

सूयुन,

तुझं पत्र फांगने दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी छुनलानसाठी ऐकलं, दुसऱ्यांदा तुझ्यासाठी. छुनलान त्यात जागोजागी आहे. तू शोधून सापडली नाहीस. विहीर आहे, खरखर आहे, बाईचा दुखरा दात आहे, पण माझी नात त्या खोलीत बसून काय करत होती, तिला आवाज कसा येत होता, हे काही त्या पत्रात नाही. पास होऊनही पोरगी आपल्याच गोष्टीत गैरहजर.

ती परीक्षा मात्र मला आवडली. कोणीतरी एकदाच बोलतं आणि मग आपण ओळखायचं की त्याला काय म्हणायचं होतं. अगं, ही तर मी जन्मभर देते आहे. फरक एवढाच की तुमच्याकडे चारातलं एक उत्तर खरं असतं. आमच्या गावात चारही खरी असतात आणि पाचवं भिंतीपलीकडची शेजारीण सांगते.

तर आता माझा पेपर सोडव. नीट ऐक, एकदाच सांगणार आहे.

एक म्हातारी अंगणात बसली आहे. शेजारीण येऊन विचारते, 'काकू, तुमच्या मांजराने आमचे वाळत घातलेले मासे खाल्ले का हो?' म्हातारी म्हणते, 'माझं मांजर आज दिवसभर फार शांत आहे बाई.'

प्रश्न: म्हातारीला काय म्हणायचं आहे?
अ) मांजर आजारी आहे.
ब) मांजर गुणी आहे.
क) मासे गेले.
ड) म्हातारीला गप्पा मारायच्या आहेत.

फांग म्हणते, उत्तर अ. फांग भली बाई आहे.

ती गप्प बसणारी मात्र नाही. बाजारच्या गावातल्या वैद्याला जाऊन विचारून आली. तो म्हणाला, मूत्रपिंडं थंड पडली की कानांत पाणी साचल्यासारखं होतं. नानछांगमध्ये त्याचा कोणी गुरुबंधू आहे, त्याच्याकडे छुनलानने दर शनिवारी जायचं. कानामागे, कानाच्या पाळीत आणि मनगटात सुया. एकदा जाऊनही आली म्हणे. वर एक काढा आहे, त्याचा नुसता वास इथे उकळून बघितला तर आमचं कुत्रं घर सोडून गेलं. पोरगी मुकाट्याने पिते. सुया दुखतात का म्हणून आईने विचारलं तर म्हणाली, 'दुखतात, म्हणजे कान मेलेले नाहीत. बरंच आहे.'

हे सांगताना फांग हसत होती आणि नाक पुसत होती. मी तिच्याकडे बघत नव्हते. म्हातारपणी मान एका बाजूला धरते त्याचा असाही उपयोग होतो.

उत्तर पाठव. परीक्षक म्हातारी आहे, फार थांबवू नकोस.

आजी


नानछांग, २ एप्रिल

आजी,

उत्तर क.

फांग मावशी, हे तुम्ही मोठ्याने वाचत असाल. आजीसाठी वाचताय, पण हे तुमच्यासाठीही आहे. थांबू नका, पुरं वाचा.

परीक्षेच्या सकाळी छुनलान माझ्यासाठी आणि तिच्यासाठी न्याहारी आणायला खाली गेली. खाणावळीत रांग होती. मी खोलीत हेडफोन लावून बघितला तर आवाज दबलेला. आदल्या आठवड्यात मी सराव जास्त केला होता, सेल उतरले होते. तिचा हेडफोन उशीवर होता. तिने त्यात नवे सेल घालून ठेवले होते. मी तिचे काढले, माझ्यात घातले आणि माझे तिच्यात. मनात होतं, परीक्षेच्या खोलीकडे जाताना दरवाजाजवळच्या दुकानातून नवे घेऊन तिच्यात घालीन. हे मनात होतं, मावशी, ते खोटं नाही. पण दुकानात सेल संपले होते. सगळ्या विद्यापीठाची त्या दिवशी परीक्षा होती, पहाटेपासून मुली सेल घेऊन गेल्या होत्या. छुनलान माझ्या शेजारी उभी होती. तिने विचारलं, 'काय हवंय?' मी म्हटलं, 'पेन्सिल.' तिने तिची जास्तीची पेन्सिल मला दिली.

मला वाटलं, उतरलेले असले तरी अर्धा तास चालतील. माझ्या हेडफोनमध्ये शेवटपर्यंत सगळं स्वच्छ ऐकू आलं. ती बाई अगदी माझ्या कानात बोलत होती.

एवढंच असतं तर कदाचित मी त्याच दिवशी बोलले असते. परीक्षा संपल्यावर ती जिन्यात बसून रडायला लागली. बाकीच्या मुली तिच्याभोवती होत्या. मी पळत खोलीवर आले. तिची पिशवी माझ्याकडेच होती, मी धरायला घेतली होती. मी सेल पुन्हा बदलले. तिचे तिच्यात, माझे माझ्यात. ती वर आली, तिने हेडफोन लावला, आवाज खणखणीत आला, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'यंत्र चांगलं आहे, सूयुन. मीच खराब आहे.'

मी तिच्या पाठीवर हात फिरवला.

गेल्या शनिवारी मी तिच्यासोबत सुयांना गेले होते. ती म्हणाली, सोबत ये, हात धर. मी धरला. वैद्यबुवा सुई घालताना म्हणाले, 'श्वास सोड.' तिने सोडला. मला नाही सोडता आला.

मावशी, तुम्ही मला काय हवं ते म्हणा. इथे येऊन चार मुलींसमोर म्हणा. मी मान खाली घालून ऐकेन. मी तुमचं मांस खाल्लं नाही, एवढंच सांगते.

सूयुन


श्याशी, ८ एप्रिल

सूयुन,

छिंगमिंगच्या सणाला तुझ्या आज्याचं थडगं साफ करून आलो त्याच संध्याकाळी तुझं पत्र आलं. फांगच्या हाताला अजून माती होती. तिने वाचलं. कुठे अडली नाही, आवाज चढला नाही, उतरला नाही. गावच्या भोंग्यावर खताची गाडी कधी येणार ते सांगतात ना, तसं शेवटपर्यंत वाचून काढलं. मग पत्राची घडी घातली, हात धुऊन आली आणि म्हणाली, 'काकू, उत्तर काय लिहायचं ते सांगा.'

म्हटलं, 'आधी तू बोल.'

म्हणाली, 'मी दुकानात चालले. फोन करायला.'

मी तिचा हात धरला. सूयुन, ऐंशीला टेकलेल्या बाईने कोणाचा हात धरून ठेवावा हे शोभत नाही, आणि मी तो पुष्कळ वेळ धरून ठेवला. म्हटलं, 'फोन कर. पण पुढच्या बाजारदिवसापर्यंत थांब. पोरीने आपल्या तोंडाने सांगू दे.' ती म्हणाली, 'काकू, तुम्ही कोणाच्या बाजूने बोलताय?' मी खोटं बोलले नाही. म्हटलं, 'माझ्या नातीच्या.' मग म्हणाली, 'बाजारदिवसापर्यंत. तो १६ तारखेला आहे.' हे सगळं ती आत्ता स्वतःच्या हाताने लिहिते आहे, तेव्हा यात एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

आता माझं ऐक. तू चुकीच्या दारात रडलीस. मांजर मासे खाऊन शेजारणीच्या आईकडे गेलं आणि म्हणालं, मला मारा. मारलं असतं तर मांजराचं बरं झालं असतं. तुला हवी ती शिवी फांग देणार नाही, मीही देणार नाही. पत्र लिहून तू मोकळी व्हायला बघितलंस. ज्या पोरीचे कान आहेत ती तुझ्या डोक्यावरच्या पलंगावर झोपते. तिकडे जायला तिकीट लागत नाही.

आणि रडत सांगू नकोस. तू रडलीस तर तिला तुझे डोळे पुसावे लागतील, तेवढी ती चांगली आहे. नावं घ्यायचं १८ ला बंद होतं, तूच लिहिलंस. तिला कळायला हवं की तिचे कान नीट आहेत, आणि ते त्या आधी कळायला हवं. बाकी माफी वगैरे पुढचं पुढे, ती मिळाली तर मिळाली.

जाता जाता एक. येत्या शनिवारी तिला पुन्हा सुया आहेत. मला दिलेल्या शब्दामुळे फांगला त्या थांबवता येणार नाहीत. हे मी शब्द घेतल्यावर लक्षात आलं आणि मी तो परत दिला नाही. तेव्हा चोर म्हणून तू एकटी नाहीस, तुझ्या शेजारी मी बसले आहे.

आजी


नानछांग, १५ एप्रिल

आजी,

तुझं पत्र शुक्रवारी हातात आलं. शनिवारी सकाळी सांगितलं, सुयांना निघायच्या आधी. तिला जाऊ दिलं नाही. मावशींना हे आधी सांग.

ती कपडे धुवायच्या हौदाशी होती. बाकी कोणी नव्हतं. मी म्हटलं, 'छुनलान, तुझे कान चांगले आहेत. परीक्षेच्या सकाळी मी तुझे सेल काढून घेतले.' ठरवून ठेवलेलं बाकीचं काहीच आठवलं नाही.

तिने नळ बंद केला. म्हणाली, 'मी खाली गेले होते तेव्हा?'

'हो.'

'मी तुझ्यासाठी दोन पाव आणले होते, वाफेवरचे, मुळ्याचं सारण घातलेले. तू दोन्ही खाल्लेस.'

'हो.'

'नंतर मी लावून बघितला तेव्हा तो चालू होता.'

मी म्हटलं, मी परत बदलले. सेल घेतल्याचं तिला समजलं होतं, परत घातल्याचं समजायला वेळ लागला. मग म्हणाली, 'घेतलेस ते मी समजू शकते. मीही घेतले असते कदाचित. परत कशाला घातलेस?' याचं उत्तर तिनेच दिलं. 'मी शोधायला नको म्हणून. मी स्वतःत शोधत बसावं म्हणून.'

मी रडले नाही, आजी. तू सांगितलं होतंस म्हणून नाही, रडू आलंच नाही.

तिने कपडे पिळले, दोरीवर घातले, एकेक झटकून. त्यात माझाही एक सदरा होता, आम्ही आळीपाळीने धुतो. तो तिने पिळून बादलीत ठेवला. तशीच ओल्या हातांनी कार्यालयाकडे गेली. शनिवारी दुपारपर्यंत खिडकी उघडी असते. मी मागे गेले, लांबून. तिने नाव घातलं.

मग मी विभागाच्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, माझा निकाल रद्द करतील, तिला काहीतरी देतील. बाई चहाच्या पेल्यात आणखी गरम पाणी ओतत होत्या. म्हणाल्या, 'सेल तपासणं ही परीक्षार्थीची जबाबदारी. नियमात लिहिलंय. निकाल लागलेला बदलत नाही, तिचाही नाही आणि तुझाही.' मग थोड्या वेळाने म्हणाल्या, 'तुला शिक्षा हवी आहे का? तसा रकाना माझ्याकडे नाही.'

संध्याकाळी छुनलानने गादी गुंडाळली आणि समोरच्या खोलीत रिकाम्या पलंगावर गेली. वरचा पलंग आता मोकळा आहे. मी त्याच्याखालीच झोपते.

सूयुन


श्याशी, २६ मे

सूयुन,

हे दुकानदारीण लिहिते आहे. तिला वेळ नाही आणि मीठमिरचीशिवाय तिला काही लिहिता येत नाही, म्हणून थोडक्यात. फांग येत नाही. भेटली की 'काकू जेवलात का' म्हणते आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. तिने शब्द पाळला, ते तिला सलतंय. सुया टळल्या, पण ते तिच्या थांबण्यामुळे नव्हे. मी तिच्या दारात गेले नाही. काय घेऊन जायचं.

तुझी मागची पत्रं दुकानदारीण वाचते, पण मध्येच गिऱ्हाईक येतं आणि ती उरलेलं विसरते. त्यामुळे तू सध्या मला अर्धीच ऐकू येतेस. जे ऐकू येतं त्यात तू दमलेली वाटतेस. जेव. बाईंकडे रकाना नाही तर नसू दे, माझ्याकडेही नाही.

परीक्षेच्या दिवशी तिच्या वाटेत उभी राहू नकोस.

आजी


नानछांग, ३ जुलै

आजी,

परीक्षा झाली. मी वाटेत उभी राहिले नाही. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होते. मला आता परीक्षा नाही, पण माझाही हेडफोन आहे. मी तो लावला, त्यांच्याच आकड्यावर. ऐकायचा भाग सुरू झाला. बाई आणि बाप्या बोलायला लागले. मला एकही वाक्य कळलं नाही. मी फक्त आवाज जातो का, तेवढंच ऐकत होते. शेवटपर्यंत तो नीट येत राहिला.

छुनलान बाहेर आली तेव्हा मुलींशी बोलत होती. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. दोन दिवसांनी ती सामान घेऊन गावाकडे गेली. निघताना आमच्या खोलीतल्या सगळ्यांना भेटून गेली. मी खोलीतच होते. तिने दारातून सगळ्यांना मिळून 'येते' म्हटलं, त्यात मी होते की नाही ते माहीत नाही.

मला इथे छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालंय. उन्हाळ्यात येणार नाही. सुट्टी मिळत नाही असं लिहिणार होते, पण ती मिळते. यायचं धाडस होत नाही.

सूयुन


श्याशी, २५ ऑगस्ट

सूयुन,

अक्षर ओळखलं असशील. मला ओळखता येत नाही, पण पेन वेगळा चालतोय ते ऐकू येतंय. फांगचा पेन धावतो. हा एकेक पाऊल टाकतो, भातशेताच्या बांधावरून चालल्यासारखा.

दुपारी मी अंगणात मिरच्या पसरत होते. छुनलान आली. म्हणाली, 'थान आजी, आई म्हणाली तुमची पत्रं तुंबली असतील.' म्हटलं, 'आई स्वतः का नाही आली?' म्हणाली, 'ती येणार नाही. तिने मलाच जा म्हटलं, त्याचं मला नवल वाटलं.' मग मिरच्या पसरायला लागली, तुझ्यासारखा ढीग करून नाही, एकीला एक न लागता.

ती पास झाली. निकाल परवाच कळला. मी विचारलं, ऐकायचं कसं गेलं. म्हणाली, 'बरं गेलं.' पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या शाळेत रुजू होते आहे. पोरांना इंग्रजी शिकवणार. म्हटलं, काय सांगशील त्यांना? म्हणाली, 'ऐकू नाही आलं तर हात वर करा, पहिलं हेच.'

तुझं जुलैचं पत्र दुकानदारिणीने मला अर्धं वाचून दाखवलं होतं. मी ते काढून तिच्यापुढे ठेवलं. हे मी मुद्दाम केलं, मी कबूल करते, माझ्यात सुधारणा नाही. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. तिसरा मजला आला, हेडफोन आला, तिथे ती थांबली. तहानेनं थांबली म्हणावं, तर समोरचं पाणी तिने घेतलं नाही. मग पुढचं वाचलं, 'यायचं धाडस होत नाही' इथपर्यंत. घडी घातली. मी विचारलं, 'हिला मी काय लिहू?' म्हणाली, 'तुमची नात आहे.' म्हटलं, 'ते माहीत आहे. ती यायला घाबरते.' म्हणाली, 'घाबरू दे.' थोड्या वेळाने म्हणाली, 'नववर्षाला गाड्यांना गर्दी असते, तिकीट आधी काढायला सांगा.' हे तू माझं म्हणून वाच किंवा तिचं म्हणून, मी दोघींच्या मध्ये बोलत नाही. एकदा बोलले, ते पुरे झालं. त्याचं देणं मी फांगच्या दाराशी अजून फेडलेलं नाही. उद्या जाणार आहे. मोकळ्या हाताने जाईन, काही घेऊन गेले तर ती तेवढंच घेईल आणि दार लावेल.

तुला झोप लागत नसणार. लागू नये असं म्हणत नाही, पण लगेच लागावी असंही म्हणणार नाही. तू वाईट पोरगी नाहीस. चांगली पोरगीही असं करते, ते मला या वर्षी कळलं, आणि करू देणारी आजीही असते.

संपलं माझं. मी आत्ता छुनलानला विचारलं, 'खाली तुझं स्वतःचं काही लिहायचंय का?' तिने पेन ठेवला आणि म्हणाली, 'नाही.' मी म्हटलं, 'मग तेच लिही, तुझ्याकडून म्हणून.' पेन पुन्हा चालला. चालला, थांबला, पुन्हा थोडा चालला. एका 'नाही'ला एवढा वेळ लागतो का ते मला माहीत नाही. मी विचारलं, 'लिहिलंस?' म्हणाली, 'लिहिलं.'

मला वाचता येत नाही. तू बघ.

आजी